जळण बदललं की चूल का धुपते?

तक्रार एकच असते, घर तेवढं वेगळं. मार्च-एप्रिलात तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांवर, भाकऱ्या भराभर होत होत्या, धूर नावाला नव्हता. तुराट्या संपल्या, बाभळीची लाकडं लावली आणि तीच चूल घरभर धुपायला लागली. मग चूल घालणारी बाई नाहीतर गवंडी येतो, जुनी चूल फुटते, नवी लिंपली जाते. नवी चूल थोडे दिवस बरी वाटते आणि मग पुन्हा तेच. सोलापूरच्या कडेच्या वस्त्यांत, मोहोळ-अक्कलकोटकडच्या गावांत पाऊस लागला की हे गाऱ्हाणं दरवर्षी ऐकू येतं.

माझं सांगणं एवढंच, की चूल फोडायच्या आधी जळण बघा. चुलीचं तोंड, जळणाखालची जाळी, धुराड्याचा पाइप हे सगळं जागच्या जागी असतं. बदललेलं असतं ते जळण, आणि प्रत्येक जळणाला हवा वेगळ्या जागेवरून, वेगळ्या मापात लागते.

लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा साधारण पाऊण हिस्सा वायू होऊन बाहेर पडतो. आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे पेटलेला वायू. मागे राहतो तो निखारा. ज्वाळेला हवा समोरून आणि वरून लागते, निखाऱ्याला खालून. निघालेल्या वायूला हवा कमी पडली किंवा आगच थंड असली, की तो न जळता निसटतो, आणि तोच धूर. डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे तुम्ही उन्हातान्हात गोळा केलेलं जळण वाया चाललेलं असतं.

आता एकेक जळण घ्या. तुराटी बोटाएवढी. ती आतपर्यंत क्षणात तापते आणि सगळा वायू झपाट्यानं सोडते. मनगटाएवढं बाभळीचं लाकूड तेच काम सावकाश करतं आणि मागे भरपूर इंगळ, म्हणजे निखारे, ठेवतं. गोवरी आतल्या आत धुमसते आणि राख फार करते. लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशातला वायू भट्टीतच निघून गेलेला असतो, म्हणून त्याला ज्वाळा जवळजवळ नसते, आणि हवा हवी ती खालूनच. एका जळणाला चूल छान चालते म्हणून ती दुसऱ्याला चालेलच असं नाही. पण त्यासाठी चूल मोडावी लागतेच असंही नाही.

धूर कधी येतो ते आधी पाहा

दोष शोधायचा असेल तर धूर किती येतो यापेक्षा तो कधी येतो याकडे लक्ष द्या.

फक्त पेटवताना येत असेल आणि थोड्या वेळात थांबत असेल, तर धुराडं थंड आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे हे हमखास होतं. पाइपातली हवा तापून हलकी झाल्याशिवाय ती वर चढत नाही आणि धूर ओढून नेत नाही. अशा वेळी जाड लाकूड आधी घालूच नका. धुराड्याच्या तोंडाजवळ मूठभर वाळक्या काटक्या जोरात पेटवा, पाइप गरम होऊ द्या, मग बाकीचं जळण सरकवा.

जळण आत सारलं की धूर उसळत असेल, तर एकदम फार घातलं जातंय. तुराट्यांच्या बाबतीत ही चूक घरोघर होते, कारण त्या पटकन संपतात आणि सारखं उठायचा कंटाळा येतो, म्हणून अख्खी पेंढी सारली जाते. सगळ्या तुराट्या एकाच वेळी वायू सोडतात, चुलीच्या तोंडातून जाणारी हवा पेंढीनंच अडवलेली असते, आणि धुराचा लोट बाहेर येतो. पाच-सहा तुराट्या लावा, त्यांच्यामध्ये फट ठेवा, आणि टोकं जळतील तसतशा पुढे ढकला. चुलीच्या तोंडाचा वरचा निदान तिसरा हिस्सा कायम मोकळा दिसला पाहिजे, मग जळण कोणतंही असो.

सुरुवातीला चूल चांगली जळते आणि अर्ध्या-पाऊण तासानं धुपायला लागते, असं असेल तर राखेकडे वळा. बाभळीची राख वजनाच्या शेकडा एक-दोन हिस्से. गोवरीची साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे पाच किलो गोवऱ्यांमागे किलोभर राख. लाकडावर दोन वेळचा स्वयंपाक झाला तरी जाळी मोकळी राहते, गोवऱ्यांवर एका वेळेतच ती बुजते. वर जळण चांगलं असतं, पण खालून निखाऱ्याला हवाच नसते. लोखंडी सळईनं जाळी खालून हलवायची सवय लावून घ्या. मातीच्या चुलीला जाळी नसेल, तर राख कडेला ओढून मधे जागा करा. फुंकणी घेऊन बसण्याआधी हे करून बघा. फुंकून राख उडते आणि तोंडावर येते, हवेची वाट मोकळी होत नाही.

कडबा, धसकटं (कापणीनंतर शेतात उरलेले बुडखे), पाचट (उसाचा वाळला पाला) यांची राख आणखी त्रासाची. त्यांच्यात वाळूतला घटक म्हणजे सिलिका आणि पोटॅश दोन्ही जास्त असतात. फार तापलं की राख वितळते आणि जाळीच्या भोकांत काचेसारखा खंगर धरते. तो गरम असताना सुटत नाही. चूल पूर्ण थंड झाल्यावर ठोकून काढावा लागतो. पेटवण्यासाठी मूठभर धसकटं वापरायला हरकत नाही, पण जाळीच्या चुलीवर रोजचं जळण म्हणून ती लावू नका. कडबा तर जनावरांच्या तोंडचा घास. तो चुलीत जावा असं आपल्या दुष्काळी भागात कुणालाच वाटणार नाही.

भांडं ठेवल्यावरच धूर येतो

याला थोडा वेळ देतो, कारण इथे लोक एकमेकांना उलटे सल्ले देतात आणि दोघांचंही आपापल्या चुलीपुरतं खरं असतं.

आमच्या शेजारच्या काकू कडक भाकरीचं काम करतात. सोलापुरात हे काम अनेक बायकांचं घर चालवतं. पातळ थापलेली भाकरी तव्यावर भाजायची, मग चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या इंगळासमोर उभी करून पापडासारखी कडक करायची. त्यांनी मातीची चूल बदलून धुराड्याची घेतली आणि धूर कमी होण्याऐवजी वाढला.

“चूलच बिघडलीय बघा,” त्या म्हणाल्या. “तवा टेकवला की धूर, उचलला की नाही.”

“तव्याखाली काय ठेवलंय काकू?”

“खापरं. जुन्या चुलीला उंचवटे होते ना, तसेच.”

तिथेच गोम होती. बिनधुराड्याच्या मातीच्या चुलीला वरच्या तोंडावर तीन उंचवटे असतात ते भांड्याखाली बोटभर फट राहावी म्हणून. धूर आणि झळ तिथूनच बाहेर पडते. ती फट बुजली की आग गुदमरते. सपाट, रुंद तवा चुलीच्या तोंडापेक्षा मोठा असेल आणि उंचवटे झिजलेले असतील, तर धूर समोरून तुमच्या तोंडावरच येणार. तिथे उंचवटे पुन्हा लिंपून वाढवणं हाच उपाय.

धुराड्याच्या चुलीचं गणित याच्या उलट आहे. तिथे भांडं वरच्या तोंडावर गच्च बसलं पाहिजे. फट राहिली की बाहेरची गार हवा तिथून थेट धुराड्यात शिरते, पाइप थंड पडतो, त्याची ओढ कमी होते आणि आगीचा धूर वर जायचं सोडून फटीतून घरात येतो. दोन भांड्यांच्या चुलीचा मागचा वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायची जागा, उघडा टाकला तरी तेच. वैलावर काही शिजवायचं नसेल तर पाण्याचं पातेलं ठेवा, नाहीतर झाकण घाला. १९८०च्या दशकापासून सुधारित चुलींच्या सरकारी कार्यक्रमात अशा धुराड्याच्या चुली गावोगाव बसल्या. त्यांतल्या कितीतरी ‘धूर करते’ म्हणून मोडल्या गेल्या. वैल उघडा ठेवणं आणि पाइप न झाडणं ही दोन कारणं अशा चुलींत मी सगळ्यात जास्त पाहतो.

काकूंनी खापरं काढली आणि तव्याच्या मापाची लोखंडी कडी बसवली. धूर थांबला. पण कडक भाकरीला इंगळ तोंडाशी लागतं, आणि धुराड्याच्या चुलीत आग मागे ओढली जाते, ही त्यांची अडचण खरी होती. त्यावर त्यांनीच तोड काढली. आधी तुराट्यांवर तवा तापवायचा, तोवर बाभळीच्या दोन ढलप्या बाजूनं धरू द्यायच्या, आणि त्यांचं इंगळ झालं की ते पुढे ओढून भाकऱ्या उभ्या करायच्या. तुराटी ज्वाळेसाठी, बाभूळ इंगळासाठी. दोन्ही जळणांना त्यांच्या गुणाचं काम मिळालं. ही पद्धत मी आता सगळ्यांना सांगतो.

ओलं लाकूड: पावसाळ्यातलं खरं दुखणं

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनानं जवळजवळ निम्मं पाणी असतं. चांगलं वाळलेल्या लाकडात पंधरा-वीस टक्के उरतं. हे पाणी आधी उकळून वाफ झाल्याशिवाय लाकूड पेटत नाही, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला, ते तापवण्यासकट, सहाशेच्या वर किलोकॅलरी खर्ची पडतात. हिशेब मांडून बघा. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण साडेतीन हजारांवर किलोकॅलरी मिळतात. ओल्या लाकडाच्या किलोमागे एकोणीसशेच्या आसपास. त्यातही आग थंड राहते, वायू अर्धवट जळतो, म्हणून भांड्यापर्यंत त्याहून कमी पोचते. ओलं लाकूड वखारीत वजनावर घेतलं तर निम्मे पैसे पाण्याचे जातात.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हाळा चाळीस अंशांच्या वरचा. लाकूड वाळवायला याहून चांगलं हवामान मिळणार नाही. तरी आपल्याकडे पावसाळ्यात ओलं जळण का? कारण लाकूड तोडून अख्खे ओंडके रचले जातात. साल असलेला ओंडका आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून जातं. फेब्रुवारीत तोडा, लगेच मनगटापेक्षा बारीक फोडा, जमिनीवर न ठेवता दोन दगडांवर आडवी लाकडं टाकून त्यावर रचा, बाजूंनी वारा खेळू द्या. मेच्या शेवटापर्यंत बाभळीसारखं चिवट लाकूडही चुलीजोगं होतं. जूनमध्ये वरून पत्रा घाला, बाजू उघड्या राहू द्या. ताडपत्रीनं सगळीकडून गुंडाळलेलं लाकूड आतल्या आत घाम धरतं.

वाळलं की नाही ते ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडं ठणठणीत वाजतं, ओलं बद्द आवाज करतं. टोकाला भेगा पडलेल्या दिसल्या पाहिजेत आणि साल सहज निघाली पाहिजे. चुलीत घातल्यावर मागच्या टोकाला फेस आला, पाणी चुरचुरलं, तर ते लाकूड परत उन्हात जाऊ द्या. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्याला तराजूत घालायचा. वजन घटायचं थांबलं की वाळलं.

गोवऱ्यांचंही तसंच. भर उन्हाळ्यात थापून, उलटून, खडखडीत वाळवून हुडवा, म्हणजे गोवऱ्यांची रास, रचला आणि वरून शेणानं लिंपला, तर आतल्या गोवऱ्या पावसाळाभर कोरड्या राहतात. उघड्या ढिगातल्या गोवऱ्या हवेतली ओल ओढतात आणि कितीही फुंकलं तरी धुमसतच राहतात. चुलीत घालताना गोवरी अख्खी आडवी टाकू नका. तुकडे करून उभे, एकमेकांना टेकवून लावा म्हणजे मधून हवा जाते. भाकरीला गोवरी कामाची नाही. दूध आटवायला, डाळ शिजत ठेवायला तिच्यासारखं जळण नाही.

ऊसपट्ट्यातलं जळण

चरकातून निघालेलं ताजं चिपाडही निम्मं पाणीच असतं. गुऱ्हाळात ते उन्हात पसरून वाळवतात आणि मगच भट्टीत घालतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. घरच्या चुलीत वाळलं चिपाड पेटवायला उत्तम, टिकायला नाही. पाचट त्याहून हलकं, भपकन जळतं आणि उडती राख करतं. ते शेतात कुजवलेलंच बरं.

शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या, ज्याला व्यापारी पांढरा कोळसा म्हणतात, त्या मुख्यतः बॉयलरसाठी बनतात. चुलीत अख्खी कांडी धुपते. बोटभर जाडीच्या चकत्या करा, जाळीवरच जाळा, आणि पावसाळ्यात बंद पिंपात ठेवा, कारण पाणी लागलं की त्या फुगून भुगा होतात.

लाकडाचा भुसा आणि शेंगांची टरफलं साध्या चुलीत ओतली की आग विझते आणि दाट धूर होतो. त्यांना भुशाची शेगडीच हवी. मधे बाटली उभी धरून भोवती भुसा घट्ट ठासायचा, बाटली फिरवत काढून घ्यायची, आणि मधल्या भोकात खालून आग लावायची. भुसा सैल ठासला तर भोक ढासळतं आणि शेगडी धुराचा लोट सोडते. टरफलं भुशात थोडी मिसळा, नुसती भरू नका.

अंघोळीच्या पाण्याचा बंब धुपत असेल तर बहुतेक वेळा मधल्या नळीला काजळी धरलेली असते. नळी अरुंद असल्यानं थोडी काजळीही पुरते. नळी झाडा, खालचं राखेचं दार साफ करा, आणि नारळाच्या करवंट्या एकदम न भरता चार-चार घाला. करवंटीला तेलकट, काळा धूर असतो.

पाइप आणि छप्पर

जुन्या माळवदाच्या घरांत चुलीवर सवणं असायचं, छतातलं ते भोक धूर वर घेऊन जायचं. आता स्लॅब आले, सवणं गेलं, आणि चूल मात्र बंद खोलीत राहिली. धुराडं बसवताना पाइप छपरातून निघतो तिथून निदान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, मग ती भिंत असो, टाकी असो की लिंबाचं झाड, त्याहून २ फूट वर न्या. वारा सुटला की धूर उलटा घरात येत असेल तर उंची कमी पडतेय.

ओलं लाकूड मंद आगीवर जाळत राहिलं की पाइपाच्या आत डांबरासारखा चिकट काळा थर बसतो. तो वाट अरुंद करतो आणि एखाद्या दिवशी पाइपातच पेटू शकतो. चूल थंड असताना दोरीला पोत्याचा बोळा आणि खाली वजन बांधून वरून खाली ओढा. लाकडाच्या चुलीला महिन्यातून एकदा, गोवऱ्यांच्या चुलीला त्याहून आधी.

हे जाळू नका

खताच्या पोत्याचा तुकडा, सायकलची ट्यूब, कॅरीबॅग पेटवायला सोपी पडते हे कळतं. पण त्याचा धूर विषारी, आणि बसणारी काजळी निघता निघत नाही. सुतारकामातले प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी, पॅकिंगची औषध मारलेली लाकडं चुलीत नकोत. यंत्रमागावरचं सुताचं वेस्ट आपल्या गावात मुबलक, पण त्यात पॉलिस्टरचा धागा मिसळलेला असेल तर तो वितळून जाळीत घट्ट बसतो. नुसतं सुती असेल तरच पेटवायला घ्या.

लोणारी कोळशाबद्दल कळकळीनं सांगतो. त्याला धूर नाही म्हणून तो निर्धोक वाटतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वास नाही, रंग नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून शेगडी खोलीत ठेवून झोपल्यानं माणसं झोपेतच जातात. कोळसा उघड्यावर किंवा आरपार वारा असलेल्या जागीच पेटवा, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर ठेवा, विझत आली असली तरी.

आणि साध्या धुराचीही ‘सवयच झालीय’ अशी बोळवण करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. चुलीपुढे बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू यांच्या वाट्याला तो सगळ्यात जास्त येतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचला, तरी टाकी महाग पडते म्हणून पाणी आणि भाकरी चुलीवर राहिली. राहिली आहे तर ती नीट जळावी.

हे सगळं करूनही धूर राहिला, तर चुलीची मापं घ्या. लाकडाला आग आणि भांड्याचं बूड यांच्यात वीतभर अंतर लागतं, नाहीतर ज्वाळा बुडाला आपटून थंड होते आणि काजळी धरते. कोळशाला चार बोटं पुरतात. चूल आणि वैल यांच्यामधली भिंत तडकली आहे का, पाइपाच्या बुडाशी भेग आहे का, हे उदबत्ती धरून बघा. धूर जिथे ओढला जाईल तिथे भेग. ती शेणमातीनं लिंपून घ्या. आणि नवी चूल घालायचीच ठरली, तर घालणाऱ्या बाईला जाळीची उंची ठरवायच्या आधीच सांगा, की वर्षातले जास्त दिवस तुमच्याकडे काय जळणार आहे: तुराट्या, बाभूळ की गोवऱ्या.